भिडस्त मुलाचे संगोपन

प्रत्येक वर्गात असा एखादा विद्यार्थी असतोच, की वर्ष सरत आले तरी त्याचा आवाज कसा आहे हे शिक्षकास नीटसे ठाऊक नसते. त्याची वही नीटनेटकी असते, गणिते बिनचूक असतात. परंतु प्रश्न विचारताच तो उभा राहतो, खाली पाहतो आणि त्याची दातखीळ बसते. लोक त्यास घुमा म्हणतात, मुखदुर्बळ म्हणतात, क्वचित शिष्ट असेही म्हणतात. अशा मुलांविषयी व त्यांच्या आईबापांविषयी चार शब्द लिहावे असे मनात आहे; कारण या बाबतीत माझ्याच हातून एकदा चूक घडली आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत शिकवीत असता इयत्ता सातवीत चंदनसारचा एक मुलगा होता. हजेरीच्या वेळी 'हजर' हा शब्द तो इतक्या हळू उच्चारी, की दोन दिवस मी त्याची गैरहजेरीच मांडली. तिसऱ्या दिवशी त्यास पुढे बोलावून तोच शब्द मोठ्याने तीनदा म्हणण्यास सांगितले. त्यास धीट करावे एवढाच माझा हेतू होता. वर्ग हसला, त्याच्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही. पुढील आठवडाभर तो शाळेत आला नाही. पोटात दुखते, असा निरोप आला. मग त्याची आई त्यास घेऊन मला भेटली. मी मुलाला जे जे विचारी, त्याचे उत्तर तीच देई. "तो तसाच आहे, गुरुजी. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो. मी त्याला दुकानातसुद्धा पाठवीत नाही." त्या क्षणी माझ्या ध्यानी आले, की मी त्यास विहिरीत ढकलीत होतो आणि आई त्यास काठाशीही जाऊ देत नव्हती; पोहावयास मात्र दोघांपैकी कोणीच शिकवीत नव्हते.

ही भीती म्हणजे आळस नव्हे, हट्ट नव्हे व उद्धटपणाही नव्हे. 'चारचौघे मला पाहत आहेत, माझे चुकेल, ते हसतील' हा विचार मनात येताच छाती धडधडू लागते, घसा कोरडा पडतो, हात थरथरतात, पोटात कालवते. हा त्रास खरा असतो, ढोंग नसते. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अनेक वर्षे बालकांचे निरीक्षण केले. चार महिन्यांच्या बालकांपैकी सुमारे पाचांतील एक नव्या वस्तूने किंवा आवाजाने फार अस्वस्थ होते व अशी बालके पुढे बुजरी होण्याचा संभव अधिक असतो, असे त्यांस आढळले. तथापि त्यांतील सर्वच बुजरी राहिली नाहीत. यावरून स्वभावाचे बीज जन्मतः असले, तरी संगोपनास पुष्कळ वाव आहे हे उघड होते.

भीती वाढते कशी, हे पालकांनी समजून घ्यावे. मूल भीतीच्या प्रसंगातून पळते, त्यास तत्काळ हायसे वाटते. आणि 'पळालो म्हणून वाचलो' असा धडा त्याचे मन घेते. पुढील खेपेस भीती दुप्पट होते. आई मुलाच्या वतीने बोलते ती मायेपोटीच. परंतु त्या मायेने हाच धडा पक्का होतो. उलटपक्षी रागावणे, भावंडांशी तुलना करणे, पाहुण्यांसमोर 'हा फार लाजाळू' असे म्हणणे, यांनी लोक आपणांस हसतात ही त्याची समजूतच खरी ठरते.

यावर उपाय पायरीपायरीने चढण्याचा. त्या मुलाचे वडील भल्या पहाटे विरारहून लोकल गाडीने कामावर जात व रात्री परतत. म्हणून हे काम आईने व मी वाटून घेतले. कोणती पायरी केव्हा चढावयाची, हे मुलानेच ठरवावे असा आमचा करार होता. घरच्या बाजूने पहिली पायरी अशी: आईसोबत भाजीवालीकडे जावे व पैसे त्याने द्यावे. दुसरी: कोथिंबिरीचा भाव त्याने विचारावा. तिसरी: आईने दहा पावले दूर उभे राहावे. चौथी: रिक्षावाल्यास 'विरार स्टेशन' असे त्यानेच सांगावे. शाळेत प्रथम तो उत्तर कागदावर लिहून देई. मग मला एकट्याला एक ओळ वाचून दाखवू लागला. मग दोन मित्रांसमोर. एक पायरी सोपी वाटेपर्यंत ती पुनःपुन्हा करावयाची व मगच पुढची घ्यावयाची. त्याने उत्तर देण्यास वेळ लावला, तर आम्ही दोघांनी मनात दहा अंक मोजावे. त्याचा शब्द आपण उचलू नये. हा नियम पाळणे त्याच्यापेक्षा आम्हांसच कठीण गेले.

या वाटेवर माघारही होते. त्याचा दाखला मुंबईतच आहे. महात्मा गांधी बालपणी इतके लाजाळू होते, की कोणी बोलेल या धास्तीने शाळा सुटताच घरी पळत. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या समितीत त्यांनी लिहून नेलेले विचार दुसऱ्यास वाचावे लागले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन ते परतले व मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यास उभे राहिले. परंतु डोके गरगरू लागले, साक्षीदारास एकही प्रश्न सुचेना. तीस रुपये फी परत करून ते निघून गेले. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथील हिंदी लोकांच्या सभेत ते पहिले जाहीर भाषण करू शकले. कारण तेथे स्वतःपेक्षा लोकांच्या अडचणींकडे त्यांचे लक्ष होते. तरीही २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईतील जाहीर सभेत त्यांचा आवाज पुन्हा बसला आणि त्यांचे लिखित भाषण अखेर दिनशा वाच्छा यांनी वाचले. म्हणून आपले मूल एखाद्या पायरीवरून खाली आले, तर 'सारे फुकट गेले' असे पालकांनी म्हणू नये. त्याहून एक पायरी खालची निवडावी व तेथून पुनश्च आरंभ करावा.

मितभाषी असणे हा दोष नव्हे. परंतु भीतीमुळे शाळा बुडू लागली, मित्र तुटले, डबा खाणेही चारचौघांत अशक्य झाले व हे सहा महिने किंवा अधिक चालले, तर ती केवळ लाज नसून उपचारास योग्य असा विकार असू शकतो. बहुधा तो किशोरवयातच आरंभ पावतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ अथवा समुपदेशक यांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून चालते. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापिलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापाशी मागणे थोडेच आहे. वर्गात कोणी अडखळला तर हसू नका व त्याच्याकडे टक लावून पाहूही नका. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा उघडा; तो बोलला नाही तरी तेथेच बसा. आणि तुमच्यापैकी ज्याची छाती धडधडत असेल, त्याने आईला, वडिलांना किंवा आम्हां शिक्षकांपैकी एकाला चिठ्ठी लिहून तरी कळवावे. बोलता येत नसले, तरी लिहिता येते.

चंदनसारच्या त्या मुलाने वर्षअखेरच्या समारंभात चार ओळी वाचल्या. हातातील कागद सारखा थरथरत होता व मागच्या बाकांवर आवाज पोहोचला नसावा. त्याची आई पहिल्या रांगेत ओठ घट्ट मिटून बसली होती. दुसऱ्या ओळीवर तो अडला. मी मनात अंक मोजू लागलो. आठापर्यंत पोहोचलो, तोच त्याने पुढील शब्द उच्चारला.