मोशन ग्राफिक्सचा अभ्यास : आधी हालचाल, मग सॉफ्टवेअर



मागच्या महिन्यात एक पालक भेटायला आले. मुलगी डिझाईनच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाले, "दिवसभर यूट्यूब बघून व्हिडिओ करते, आणि आता म्हणते मला जमत नाही, विषय बदलते. मोठा कॉम्प्युटर घेऊन देऊ का?"

मुलीचं काम पाहिलं. दिसायला झकास, पण सगळं तयार टेम्पलेटवर. टेम्पलेट काढून घेतलं, की साधं अक्षर पडद्यावर कसं आणायचं हेच तिला ठरवता येईना. अडचण कॉम्प्युटरची नव्हती. तिने बटणं शिकली होती, हालचाल शिकली नव्हती. हाच प्रश्न अनेक घरांत असेल, म्हणून हा लेख.

पहिला धडा : चेंडू

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे २४ फ्रेम असतात. समजा चेंडू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये खाली पडतो. कागदावर १६ सेंमी उंची घ्या. दर ३ फ्रेमनंतर चेंडू कुठे असेल? बहुतेक मुलं समान अंतरावर, ४-४ सेंमीवर खुणा करतात. तसा चेंडू लिफ्टसारखा उतरतो, पडत नाही.

आता वरून १, ४, ९ आणि १६ सेंमीवर खुणा करा. मधली अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढत जातात. हा गॅलिलिओचा नियम, शाळेच्या विज्ञानातलाच. आता चेंडूला वजन आलं! सॉफ्टवेअरमध्ये याच खुणांना कीफ्रेम म्हणतात आणि वेग हळूहळू वाढवण्या-कमी करण्याला इझिंग. कागदावर हे कळलेल्या मुलाला पडद्यावरची वक्ररेषा परकी वाटत नाही.

दादासाहेब फाळके यांनीही 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या आधी मटाराच्या दाण्यातून रोप वाढताना एकेक फ्रेम टिपून छोटी फिल्म केली होती. तीच दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. फ्रेमचा हिशोब आणि धीर, दोन्ही त्यात आहेत.

दुसरा धडा : कात्री

एडिटिंग म्हणजे नुसतं नको ते कापणं नव्हे. सुमारे १०० वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी एकाच निर्विकार चेहऱ्याला वेगवेगळी दृश्यं जोडून दाखवली. चेहरा तोच, पण शेजारचं दृश्य बदललं की प्रेक्षकाला त्यावरचा भाव वेगळा वाटतो.

हे घरी करून बघा. मोबाईलवर आजीचा शांत चेहरा घ्या. त्यानंतर एकदा वाफाळती पुरणपोळी जोडा, एकदा रिकामी खुर्ची. मग मुलाला विचारा, "आजीच्या मनात काय चाललंय?" दोन्ही वेळा उत्तर वेगळं येईल.

पुढचा स्वाध्याय : चहा करण्याचे १० शॉट घ्या आणि ३० सेकंदांत बसवा. कपात चहा दिसण्याआधीच ओतण्याचा आवाज सुरू करा. दृश्य जोडताना बसणारा धक्का कमी होतो.

साधनं आणि खर्च

सुरुवातीला महागडं काही लागत नाही. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे, डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याला पुरेशी आहे. जुन्या मशीनवर व्हिडिओ अडखळत असेल, तर कमी दर्जाच्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, वापरून एडिट करावं. आणि प्रत्येक प्रोजेक्टची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच. सबमिशनच्या आदल्या रात्री डिस्क बंद पडून रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

पालकांनी काय विचारावं?

"किती वेळ बसलास?" हे विचारू नका. "ही वस्तू जड आहे की हलकी? इथेच कट का केलास?" हे विचारा. उत्तर देता आलं तर अभ्यास चाललाय. शिक्षकांनीही गुण देताना झगमगाटाआधी हे कारण तपासावं.

त्या मुलीला मी आठवडाभर फक्त चेंडू दिला. रबराचा, लोखंडाचा, पाणी भरलेल्या फुग्याचा. पहिले दोन दिवस ती वैतागली. आठव्या दिवशी तिने स्वतःच्या नावातलं एक अक्षर पडद्यावर टाकलं. ते आपटलं, किंचित दबलं आणि उभं राहिलं. टेम्पलेट नव्हतं. विषय बदलायचं तिने पुन्हा काढलं नाही, आणि वडिलांनी कॉम्प्युटरचा खर्चही पुढे ढकलला.

तुमच्या घरी किंवा वर्गात हा चेंडू टाकून बघा. काय झालं ते जरूर कळवा.