ठोके चुकतात, मग गोळी का नाही?

प्रश्न : बाबांना मागच्या वर्षी हार्ट अटॅक आला. मधूनच ठोका चुकतो, ईसीजीतही जादा ठोके दिसले. काकांना याच तक्रारीवर फ्लेकेनाइड लागू पडलं. बाबांना मात्र डॉक्टर ती गोळी देत नाहीत. असं का?

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. जादा ठोके दाबले की जीव वाचेल, असं एकेकाळी आम्हा डॉक्टरांनाही वाटायचं. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत ते तपासलं गेलं. अटॅक येऊन गेलेल्या सुमारे 1,500 रुग्णांपैकी निम्म्यांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. ठोके खरोखर कमी झाले होते. पण सरासरी दहा महिन्यांत औषध घेणारे 63 जण दगावले, न घेणारे 26. 1989 मध्येच ही औषधं थांबवावी लागली.

कारण असं, की प्राणवायू कमी पडलेल्या स्नायूत विजेचा संदेश आधीच रेंगाळत जातो. ही औषधं सोडियमची दारं अडवून त्याला आणखी मंद करतात. मग तो अटॅकने हृदयावर राहिलेल्या व्रणाभोवती फिरून मागे येतो, तिथेच घिरट्या घालू लागतो आणि ठोके बेफाम होतात. काकांचं हृदय धडधाकट असेल, तर त्यांना तीच गोळी चालते.

बाबांना बीटा-ब्लॉकर चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. त्यांना भोवळ आली, शुद्ध हरपली, तर वाट न पाहता इस्पितळ गाठा.