सुरू होतानाची बारीक अक्षरं

प्रश्न : मार्केट यार्डात भुसार विभागात आमचा गाळा आहे. हिशेबाच्या संगणकावर उबुंटू आहे. नवा मॉनिटर लावल्यापासून संगणक सुरू होतानाची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. रिझोल्यूशन कमी करू का?

उत्तर : आधी फाँट मोठा करा. मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनखाली गेलात की अक्षरं धूसर होतात आणि डोळे जास्त शिणतात. टर्मिनलमध्ये ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप’ चालवून टर्मिनस फाँट आणि १६ बाय ३२ आकार निवडा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

उबुंटू सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमचा मेनूही बारीक असेल, तर ग्रबच्या सेटिंग फाइलची प्रत काढून ‘जीएफएक्समोड’ १०२४ बाय ७६८ करा, मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. मात्र पुढे कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर सुरू होताच स्वतःचं रिझोल्यूशन लावतो, म्हणून मेनूनंतर अक्षरं पुन्हा लहान होतील. तिथे फाँटच कामाला येतो.