इंजिन नाही, पण फिल्टर आहे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे अभिमानाने सांगणाऱ्या जिल्ह्यातली पोरे आता खरोखरच जर्मनीत, टोरांटोत, कॅलिफोर्नियात आणि नॉर्थ कॅरोलिनात संसार थाटून बसली आहेत. कुणी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला गेले, कुणाला पुण्याच्या कंपनीने पाठवले. नव्याने येणाऱ्यांसाठी या कुटुंबांनी लिहून दिलेल्या सूचनांपैकी गाडीचा भाग इथे एकत्र केला आहे. विमा आणि लायसन्स यांवर दोन-चार ओळींपलीकडे कुणी लिहिले नाही. केबिन फिल्टरवर मात्र भरभरून मजकूर आला, कारण पहिल्या वर्षी सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांचे दुर्लक्ष होते ते नेमके तिथेच.

या गाडीला इंजिन ऑइल लागत नाही, स्पार्क प्लग नाहीत, इंजिनच नसल्यामुळे त्याचा एअर फिल्टरही नाही. मग सर्व्हिसिंग कशाचे, असा समज होतो. पण माणसांनी श्वासात घ्यायची हवा गाळणारा केबिन फिल्टर पेट्रोलच्या गाडीसारखाच इथेही असतो. तो चोंदला की पंखा जोरात फिरूनही हवा कमी येते, समोरच्या काचेवरचे धुके लवकर हटत नाही आणि एसी लावताच कुबट वास येतो. जुनी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात फिल्टर काढून पाहावा, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

जिंतूरकडचे एक इंजिनिअर मोजके आणि नेमके लिहितात. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये एकावर एक असे दोन फिल्टर असतात आणि ते शेजारच्या सीटसमोर, पाय ठेवतो त्या जागी, मधल्या कन्सोलच्या बाजूला असतात. आधी एसी पूर्ण बंद करावा, सीट मागे सरकवावी, मॅट काढावी. डॅशबोर्डखालचे आवरण खाली ओढून त्याला जोडलेल्या वायरींचे कनेक्टर सोडवावेत. मग कन्सोलच्या बाजूचे पॅनल वरून खाली येत हळूहळू सैल करावे; खटके प्लास्टिकचे आहेत, झटका दिला की तुटतात. आत फिल्टरचे झाकण एकाच स्क्रूवर असते, त्याला टी-२० टॉर्क्स लागतो. आधी वरचा फिल्टर ओढावा, मग खालचा. नवे बसवताना खालचा आधी. कडेवरचे बाण गाडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे काम करणाऱ्याकडे, रोखलेले हवेत. केशरी वायरींना हात लावायचा नाही, त्या हाय व्होल्टेजच्या असतात. पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात, तेही सोडवायचे नाहीत.

शेव्हरोले बोल्ट आणि ह्युंदाई कोना यांचे काम सोपे. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजूंच्या अडकणी सोडवल्या की तो खाली झुकतो आणि मागे फिल्टरचे झाकण दिसते. पार्ट मागवताना मॉडेलचे वर्ष नीट पाहावे. मुदतीबद्दल टेस्ला साध्या फिल्टरसाठी दोन वर्षे सांगते. पण धुळीच्या किंवा धुराच्या भागात तेवढी वाट पाहू नये, असे या इंजिनिअरांचे ठाम मत आहे.

त्यांनीच एका सवयीबद्दल बजावले आहे. आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फिल्टरवर हवा मारून तोच पुन्हा बसवतात. त्या दाबाने आतले तंतू विस्कटतात आणि बारीक धूळ आरपार जाऊ लागते. काळसर, कोळशाचा थर असलेला फिल्टर तर धुण्याचाही नसतो, कारण वास शोषण्याची त्याची ताकद पाण्याने परत येत नाही.

मानवतच्या एका ताईंनी पाने भरून लिहिले ते त्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल. कॅलिफोर्नियात त्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. मुलाला दमा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सीट मागे सरकवून त्यांनी फिल्टर बदलला, जुना कचऱ्यात टाकला आणि विषय संपला असे धरले. काही दिवसांनी दारावर नोटीस: आवारात वाहनदुरुस्ती केल्याबद्दल दंड. ऑफिसात गेल्या, तर ई-मेल करा म्हणाले. ई-मेलला उत्तर आले की फॉर्म भरा. फॉर्ममध्ये दुरुस्तीचा प्रकार निवडायचा होता आणि त्यात फिल्टर कुठेच नव्हता. ऑइलचा थेंब सांडला नाही, गाडी जॅकवर चढवली नाही, बॉनेटसुद्धा उघडले नाही, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांना पहिल्यापासून सांगितले. शेवटी दंड माफ झाला, पण नोटीस फाइलमधून काढली नाही, आणि तो राग त्यांच्या अक्षराअक्षरात आहे.

त्यांचा सल्ला असा: भाडेकरारात वाहनदुरुस्तीचे कलम आधी वाचा. बंदी असेल तर ऑफिसकडून लेखी परवानगी घ्या, नाहीतर स्वतःचे घर असलेल्या मित्राच्या ड्राइव्हवेत काम करा. आणि फिल्टर स्वतः बदलला तर वॉरंटी जाईल, असे कुणी सांगितले तर घाबरू नका. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ मालकाने देखभाल केली या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. पार्टची पावती मात्र जपून ठेवा.

एवढी धडपड कशासाठी, हेही त्या सांगतात. 9 सप्टेंबर 2020 रोजी वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश दिवसाढवळ्या नारिंगी झाले होते. जून 2023 मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत पोचला. अशा दिवशी काचा वर घ्याव्यात, आतलीच हवा फिरवण्याचे बटण लावावे, आणि धुराचा हंगाम ओसरला की फिल्टर बदलून टाकावा.

टोरांटोची नोंद चारच ओळींची आहे, पण ती वाचवेल. परभणीत धूळ नको म्हणून आतली हवा फिरवायची सवय अंगात मुरलेली असते. कडक थंडीत तेच केले तर श्वासातली वाफ आत कोंडून काचा आतून धुरकट होतात. तिथे हवा बाहेरची घ्यावी आणि एसीही चालू ठेवावा, म्हणजे दमटपणा जातो.

गंगाखेडचे एक ज्येष्ठ काका न्यू जर्सीहून लिहितात तेव्हा फिल्टर बाजूला राहतो आणि संस्कार पुढे येतात. दसऱ्याला गाडीची पूजा सुटता कामा नये, मुलांच्या हाताने हार घालून घ्यावा, आपट्याची पाने मिळाली नाहीत तरी शेजाऱ्याकडे सोने द्यायला जावेच, असा त्यांचा आग्रह. पण त्यात एक पक्की सूचना आहे: उदबत्ती गाडीच्या बाहेर ओवाळा. आतलीच हवा फिरत असताना तिचा धूर फिल्टरच्या घड्यांमध्ये बसतो आणि वास महिनोन्‌महिने राहतो. फिल्टर दरवर्षी दसऱ्यालाच बदला, असेही ते म्हणतात. ऑक्टोबरात पाचोळा पडलेला असतो आणि काचा बंद करण्याचे दिवस पुढे असतात, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो.

नॉर्थ कॅरोलिनाच्या कुटुंबाला हे मान्य नाही. तिथे गुढीपाडव्याच्या सुमारास पाइनचे पिवळे परागकण गाड्यांवर हळदीसारखे साचतात. दसऱ्याला घातलेला फिल्टर तोवर निम्मा भरलेला असतो. ते अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतात, पराग ओसरल्यावर नवा घालतात आणि बॉनेटखालची जाळीही पुसून घेतात.

सेलूच्या घरी इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिलेल्या एका मुलाने शेवटची नोंद पाठवली आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगचा तंतू आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत असतो, त्यामुळे तिथला फिल्टर दिवाळीनंतर एकदा आणि मृग लागण्याआधी एकदा काढून पाहावा. नवा बसवताना त्याच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहावेत, म्हणजे पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्या मेकॅनिकला विचारावे लागत नाही.