बरोबरची खूण

माझे बालपण नेपानगरला गेले. १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला तेथील कारखाना म्हणजे भारतातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना. सलई व बांबूच्या लगद्यापासून तेथे कागद होत असे. पुढे मी उमेदवारी केली ती मात्र दुसऱ्या एका कागद कारखान्यात.

ओला कागद वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून जाताना सुकतो. या सिलिंडरांच्या बेअरिंगांना घर्षणाची उष्णता असतेच, त्यात वाफेची भर पडते. म्हणून तेलाची धार अखंड लागते. ती पाहणे ही तपासणी-पत्रकातली एक ओळ. एका रात्रपाळीत मी बसल्या जागीच साऱ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. (परीक्षेतही इतक्या कधी मिळाल्या नाहीत!) पहाटे एक बेअरिंग जळाले, यंत्र बंद पडले. पत्रक मात्र निर्दोष होते.

फोरमनसाहेब रागावले नाहीत. "तेलाचा दाब किती होता?" एवढेच त्यांनी विचारले. मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवसापासून पत्रकात खुणेऐवजी आकडा आला : दाब किती, तापमान किती अंश. आकड्यासाठी यंत्राजवळ जावेच लागते. शिवाय रोजचे आकडे ओळीने वाचले की ६०, ६१, ६४, ६९ अशी चढण दिसते, आणि बेअरिंग जळण्याआधीच यंत्र थांबविता येते.