वाहनांची वार्षिक तपासणी

शाळेच्या फाटकाशीं रोज मोटारी, दुचाक्या व बसगाड्या यांची दाटी होते. आपल्या वाहनाची तपासणी झाली आहे काय, असें विचारल्यास बहुतेक पालक एक लहानसा कागद दाखवितील. त्यास सर्वजण 'पी.यू.सी.' म्हणतात. हा कागद कशाची साक्ष देतो व कशाची देत नाहीं, हें आपण पाहूं.

आपल्या देशांत वाहनतपासणी १९८८ चा मोटार वाहन कायदा व १९८९ चे नियम यांस अनुसरून होते. नव्या गाडीस पहिलें वर्ष धुराच्या तपासणींतून सूट असते. पुढें भारत स्टेज चार व त्यानंतरच्या गाड्यांस हें प्रमाणपत्र बारा महिने चालतें. त्याहून जुन्या प्रतीच्या गाड्यांस सहाच महिने. पेट्रोलच्या गाडीच्या सायलेन्सरांत नळी घालून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचें प्रमाण मोजतात. डिझेलच्या धुरांतून प्रकाश सोडून त्याचा दाटपणा पाहतात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. परंतु रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां सुमारें दोनशें पट अधिक बळानें जडतो. हा धूर गाडीच्या मालकापेक्षां तिच्यामागून पायीं चालणाऱ्या मुलाच्या वांट्यास अधिक येतो. म्हणून गाडी न नेतांच कागद मिळविणें, हें परीक्षेस न बसतां उत्तीर्णतेचा दाखला आणण्यासारखें आहे.

परंतु खरा कागदही ब्रेकविषयीं कांहींच सांगत नाहीं. शाळेची बस, टॅक्सी, मालमोटार यांस निराळें योग्यता प्रमाणपत्र लागतें. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तें दर दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं घ्यावें लागतें. त्या वेळीं ब्रेक, स्टिअरिंग, दिवे व टायर पाहतात. घरच्या मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. तोंपर्यंत तिचे ब्रेक दरवर्षीं तपासून घ्या, असें कायदा सांगत नाहीं. इंग्लंडांत अशी तपासणी १९६० सालीं सुरू झाली. तेथें आज घरगुती मोटारही तीन वर्षांची झाली कीं दरवर्षीं ब्रेक व धूर या दोहोंच्या परीक्षेस न्यावी लागते.

आपल्याकडे हा भार मालकावरच आहे, आणि तो हलका नाहीं. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतर सुमारें चौपट होतें. त्यांत ब्रेक झिजलेले असले, तर समोरच्या मुलाचा जीव थोड्या हातांच्या अंतरावर अवलंबून राहतो.

यास्तव पालकांस आमची विनंति आहे कीं, धुराच्या तपासणीच्याच महिन्यांत ब्रेक व टायरही कारागिराकडून पाहून घ्यावे. विद्यार्थ्यांसही काम आहे. येत्या रविवारीं वडिलांस ब्रेक दाबावयास सांगून मागचा तांबडा दिवा लागतो कीं नाहीं तें पाहा. टायरची नक्षी झिजली आहे काय तें पाहा. आणि कागदावरील तारीख वाचा. त्यास पांच मिनिटें पुरतात.