दगडी भिंतीला लोखंडाचा आधार

प्रश्न : औसा तालुक्यात आमचा दगड-मातीचा जुना वाडा आहे. न पाडता, लोखंड घालून भिंती बळकट होतील का?

उत्तर : होतील, पण नुसती जाळी ठोकून नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटले आणि माळवदाचा भार माणसांवर कोसळला. म्हणून आधी माळवदावरची जादा माती उतरवा. मग थर एकमेकांना बांधा : एकेक दगड हलक्या हाताने सोडवून आरपार भोक करा, दोन्ही टोकांना आकडे वळवलेली ८ मिमीची सळई ठेवून काँक्रीट भरा. पहारीचे घाव अजिबात नकोत, भिंत हादरते. त्यानंतर छताखाली आणि दारांच्या वर, सांधे उकरून वेल्डमेशचा पट्टा बसवा व सिमेंटचा गिलावा करा. पट्टा कोपऱ्यावर तोडू नका, वळवून पुढे न्या. हे सगळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत दाखवूनच.